ब्लूटूथ : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

ब्लूटूथ ही वैयक्तिक उपकरणांना तारेवाचून, काही मीटरच्या अंतरात जोडणारी रेडिओ-पद्धत आहे. मोबाइल आणि इअरफोन, संगणक आणि कीबोर्ड, मनगटी घड्याळ आणि फोन, दंडावर चिकटवलेला साखरेचा सेन्सर आणि त्याचे ॲप यांच्यातली देवाणघेवाण बहुधा याच मार्गाने होते. या पद्धतीचे काम १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत सुरू झाले. याप हार्टसेन हा डच अभियंता आणि त्याचा सहकारी स्वेन मॅटिसन हे तिचे प्रमुख शिल्पकार. मे १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून एक समूह स्थापला आणि १९९९ मध्ये पहिले तपशीलवार मानक प्रसिद्ध केले. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव या पद्धतीला मिळाले.

मूळ उद्देश एकच होता : उपकरणांमधली तार काढून टाकणे. तो कितपत साधला आणि साधताना काय गमावले, याबद्दल मतभेद आहेत. शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीप्रमाणे आक्षेप घेणाऱ्या मताला येथे पूर्वपक्ष आणि त्याचे निरसन करणाऱ्या मताला उत्तरपक्ष म्हटले आहे.

१. गर्दीचा पट्टा

पूर्वपक्ष : ब्लूटूथ २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. वाय-फायचा मोठा भाग याच पट्ट्यात आहे, अनेक बिनतारी माऊस इथेच आहेत आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणारी लहरही इथलीच. तारेतून जाणाऱ्या संदेशाला शेजाऱ्याचा उपद्रव नसतो. इतक्या गजबजाटात क्षीण शक्तीचा संदेश सोडायचा, हा निर्णय मुळातच चुकला असे का म्हणू नये?

उत्तरपक्ष : कारण हा पट्टा जवळपास सगळ्या जगात विनापरवाना वापरता येतो. भारतातही २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधील कमी शक्तीची उपकरणे परवान्याच्या अटीतून मुक्त केली. पुण्यात घेतलेला इअरफोन दुबईत किंवा न्यू जर्सीत काहीही न बदलता चालतो तो त्यामुळेच. राखीव पट्टा मागितला असता, तर प्रत्येक देशासाठी वेगळे उपकरण आणि प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा परवाना लागला असता. गर्दीवरचा उपाय तर पद्धतीच्या रचनेतच आहे. मूळ ब्लूटूथ, ज्याला आता ‘क्लासिक’ म्हणतात, हा पट्टा एकेका मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांत विभागते आणि सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलते. एका वाहिनीवरचा मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. पुढची उडी कोणत्या वाहिनीवर, हे दोन्ही उपकरणांना एका समान गणितावरून आधीच ठाऊक असते. एखाद्या वाहिनीवर अडथळा आलाच, तर तेवढा तुकडा बिघडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा पाठवला जातो.

पूर्वपक्ष : वाहिनी बदलत राहण्याची कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये रेडिओने चालवायच्या पाणतीरासाठी तिचे पेटंट मिळाले होते. संदेश अडवू पाहणाऱ्या शत्रूला चकवणे हा तिचा हेतू. घरातला वाय-फाय राउटर मात्र मुद्दाम अडवत नाही, तो तिथे ठाण मांडून बसतो. त्याची एक वाहिनी २० मेगाहर्ट्झची, म्हणजे पट्ट्याचा जवळपास पाव हिस्सा. आंधळेपणाने मारलेली दर चौथी उडी त्यातच पडणार.

उत्तरपक्ष : म्हणूनच २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ती उडी आंधळी राहिलेली नाही. कोणत्या वाहिन्यांवर संदेश वारंवार बिघडतात याची नोंद ठेवून त्या वाहिन्या वगळल्या जातात. उरलेल्या किमान २० वर काम चालते. पुढे आलेल्या ‘लो एनर्जी’ प्रकारात दोन-दोन मेगाहर्ट्झच्या ४० वाहिन्या आहेत. त्यांपैकी आपले अस्तित्व जाहीर करण्यासाठी राखलेल्या तीन वाहिन्या वाय-फायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या वाहिन्यांना टाळून ठेवल्या आहेत.

२. अंतर आणि अडथळा

पूर्वपक्ष : खोक्यावर दहा मीटर लिहिलेले असते. प्रत्यक्षात फोन पँटच्या मागच्या खिशात असला, तरी कानातला आवाज तुटतो. तिथे तर एक मीटरही अंतर नसते.

उत्तरपक्ष : त्या एका मीटरमध्ये माणसाचे शरीर येते. शरीरात पाणी भरपूर असते आणि या वारंवारतेची लहर त्यात मोठ्या प्रमाणात शोषली जाते. खोलीत भिंती आणि छतावरून परतलेली लहर वळसा घालून कानापर्यंत पोचते. मोकळ्या मैदानात परतवणारे काही नसल्याने तुटण्याचा त्रास तिथे अधिक जाणवतो. हा निसर्गाचा नियम आहे. कोणत्याही कंपनीला तो मोडता येत नाही.

पूर्वपक्ष : शक्ती वाढवता येते की.

उत्तरपक्ष : येते, पण हिशेब पाहावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दहापट वाढवायचे, तर शक्ती शंभरपट लागते. ब्लूटूथच्या मूळ वर्गवारीत दुसऱ्या वर्गाच्या उपकरणाची कमाल शक्ती २.५ मिलिवॅट आणि पहिल्या वर्गाची १०० मिलिवॅट आहे. कानातल्या इवल्याशा बॅटरीला दुसरी संख्या पेलणारी नाही. शिवाय थोडक्या अंतराचा फायदाही असतो. मुंबईच्या लोकलमध्ये एका डब्यात डझनावारी जोड्या चालू असतात आणि शेजारच्या डब्यात तोच पट्टा पुन्हा वापरला जातो. प्रत्येकाचा संदेश शंभर मीटर गेला असता, तर कोणालाच धड ऐकू आले नसते.

पूर्वपक्ष : मग २०१६ च्या ५.० आवृत्तीत लांब पल्ल्याची सोय कशाला आणली?

उत्तरपक्ष : ती शक्ती वाढवून आणलेली नाही, वेग कमी करून आणली आहे. त्या पद्धतीत एकेक बिट आठ चिन्हांत पसरून पाठवता येतो, म्हणून संदेश क्षीण झाला तरी ओळखता येतो. पण सेकंदाला दहा लाख बिटांचा वेग सव्वा लाखावर उतरतो. शेतातल्या सेन्सरला किंवा इमारतीतल्या दिव्यांना तो पुरतो.

३. आवाज आणि उशीर

पूर्वपक्ष : आता संगीताकडे वळू. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथच्या सर्वांत प्रचलित एसबीसी संकेतनात चांगल्या दर्जासाठी साधारण ३२८ किलोबिट दिलेले असतात. तीन चतुर्थांशाहून अधिक माहिती वाटेतच टाकून दिली जाते. त्यावर कडी म्हणजे फोन आला की गाण्याचा दर्जा एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो.

उत्तरपक्ष : टाकून दिलेली माहिती निवडून टाकलेली असते, कानाला जे सहज जाणवत नाही ते आधी कमी केले जाते. लोकलमध्ये किंवा स्वयंपाकघरात ऐकणाऱ्याला फरक क्वचितच कळतो. शांत खोलीत उत्तम हेडफोन लावून बसलेल्या जाणकाराला तो कळू शकतो, हे मान्य. फोनवरचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. क्लासिक पद्धतीत गाण्याचा मार्ग एकेरी आणि संभाषणाचा दुहेरी. माइक चालू झाला की जोडणी दुसऱ्या मार्गावर जाते आणि तिथे ध्वनीसाठी जागा थोडी असते. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत एलसी३ हे संकेतन आले असून कमी बिटांत अधिक चांगला ध्वनी आणि संभाषणातही बरा दर्जा हे तिचे उद्दिष्ट आहे.

पूर्वपक्ष : ती सोय मिळण्यासाठी फोन आणि इअरफोन दोन्ही त्या पद्धतीचे लागतात. खोक्यावर ५.३ छापले म्हणजे ती असेलच असे नाही. मानकातल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत. ग्राहकाने आवृत्तीचा आकडा पाहावा आणि फसावे, असाच हा मामला झाला.

उत्तरपक्ष : आवृत्तीच्या आकड्याने सुविधांची हमी मिळत नाही, हे खरेच. एलई ऑडिओ आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

पूर्वपक्ष : आणि उशिराचे काय? ध्वनी आवळायचा, तुकडे करायचे, पाठवायचे, साठवून मग उलगडायचे, यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. १२५ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अर्धी मात्रा गेली.

उत्तरपक्ष : उशीर कोणाला बाधतो, ते वेगळे करून पाहिले पाहिजे. ॲपवरचा तानपुरा किंवा लेहरा ब्लूटूथ स्पीकरवर लावून तबल्याचा रियाज करणाऱ्याला तो बाधत नाही, कारण तो जे ऐकतो त्याच्याशीच ठेका जुळवतो; लेहरा सगळाच सारखा उशिरा येतो. चित्रपट पाहतानाही प्लेअर चित्र तेवढेच थांबवून ओठ आणि आवाज जुळवून घेतो. बाधतो तो सिंथेसायझरची पट्टी दाबून स्वतःचाच स्वर ब्लूटूथवर ऐकणाऱ्याला आणि वेगवान खेळ खेळणाऱ्याला. तिथे पुढे काय होणार हे यंत्राला आधी ठाऊक नसते, त्यामुळे जुळवाजुळव करता येत नाही. अशा कामाला तारच योग्य. उलट एक गोष्ट तारेला कधीच जमली नसती. ‘ऑराकास्ट’ या २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सोयीने एका प्रक्षेपकाचा आवाज कितीही जणांच्या श्रवणयंत्रांत थेट जाऊ शकतो. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला तिचे मोल मोठे आहे.

४. वीज, बॅटरी आणि कचरा

पूर्वपक्ष : तारेच्या साध्या इअरफोनला बॅटरी लागत नव्हती. तो दहा वर्षे टिकत असे. बिघडला तर जॅकपाशी डाग देऊन दुरुस्त होत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढले आणि इतरांनी तो कित्ता गिरवला. आता दोन कानांत दोन आणि डबीत एक, अशा तीन बॅटऱ्या झाल्या. त्या गोंदाने बंद केलेल्या असतात. काहीशे वेळा भरल्या-रित्या झाल्या की त्यांची क्षमता घटते आणि बाकी सर्व शाबूत असलेली वस्तू कचऱ्यात जाते.

उत्तरपक्ष : इअरबड्सच्या बाबतीत या आक्षेपाला पुरे उत्तर नाही. परंतु बॅटरी न बदलता येण्याजोगी बसवणे हा उत्पादकाचा निर्णय आहे. ब्लूटूथ मानक तसे करायला सांगत नाही. विजेचा प्रश्न पद्धतीने सोडवला आहे तो दुसऱ्या बाजूने. नोकियाने २००६ मध्ये ‘वायब्री’ या नावाने मांडलेली कल्पना २०१० च्या ४.० आवृत्तीत ‘लो एनर्जी’ म्हणून आली. यात रेडिओ बहुतांश वेळ झोपलेला असतो. क्षणभर जागा होऊन एखादा आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. सरासरी प्रवाह २० मायक्रोॲम्पिअर धरला, तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल, ज्यात सुमारे २२० मिलिॲम्पिअर-तास वीज असते, अकरा हजार तास पुरतो. म्हणजे सव्वा वर्ष. छातीवरचा हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा किंवा साखरेचा सेन्सर यांना तार लावून माणूस दिवसभर हिंडूच शकला नसता.

पूर्वपक्ष : म्हणजे जिथे माहिती थोडी आणि अधूनमधून पाठवायची, तिथे तार हरली, एवढेच सिद्ध झाले.

उत्तरपक्ष : तेवढे मान्य झाले तरी पुरे. जगातल्या बहुतेक छोट्या उपकरणांचे काम तेवढेच असते. राहिला कचरा. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वापरून झालेल्या वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ग्राहकाने जुनी डबी घंटागाडीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात दिली, तरच ती साखळी पुरी होते.

५. सुरक्षितता

पूर्वपक्ष : तार कापल्याशिवाय किंवा तिला हात लावल्याशिवाय तिच्यातले सहसा चोरता येत नाही. रेडिओ लहर मात्र भिंतीपलीकडेही जाते. भारतात बटणांच्या मोबाइलच्या काळात गाणी ब्लूटूथनेच एका फोनमधून दुसऱ्यात जात आणि त्यासाठी फोन सर्वांना दिसेल असा उघडा ठेवण्याची सवय पडली होती. २००४ मधला ‘कॅबिर’ हा सिम्बियन फोनवरचा विषाणू अशाच उघड्या फोनांवर पसरे. जोडणीचा सांकेतिक अंक तर ठरलेला : ०००० किंवा १२३४.

उत्तरपक्ष : तो काळ मागे पडला. २००७ च्या २.१ आवृत्तीने जोडणीची रीत बदलली. दोन्ही उपकरणे गणिताच्या आधारे एक गुप्त किल्ली तयार करतात. ती हवेतून पाठवली जात नाही. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते आणि ती सारखी असल्याची खात्री माणसाने करायची असते.

पूर्वपक्ष : पडदाच नसलेल्या इअरफोनवर ती संख्या कुठे दिसणार? तिथे खात्रीवाचूनच जोडणी होते आणि मध्ये तिसरा घुसला तर कळत नाही. शिवाय २०१७ मध्ये ‘ब्लूबॉर्न’ नावाने उघड झालेल्या त्रुटींमुळे जोडणी न करताही उपकरणाचा ताबा घेता येत होता. २०१९ मध्ये ‘नॉब’ हल्ल्याने दाखवून दिले की दोन उपकरणांमध्ये किल्लीची लांबी ठरवताना ती एका बाइटपर्यंत खाली आणता येते. एक बाइट म्हणजे अवघ्या २५६ शक्यता. कुलूप लावायचे आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवायची, असा हा प्रकार.

उत्तरपक्ष : या दोन घटनांत भेद आहे. ब्लूबॉर्नमधल्या चुका निरनिराळ्या प्रणालींच्या सॉफ्टवेअरमधल्या होत्या. त्या प्रणाली अद्ययावत करून चुका बुजवल्या गेल्या. नॉबची त्रुटी खुद्द मानकात होती, कारण इतकी आखूड किल्ली मानकानेच चालवून घेतली होती. त्यानंतर किमान लांबी सात बाइट ठेवण्याची शिफारस झाली. उणीव दाखवली गेली आणि दुरुस्त झाली.

पूर्वपक्ष : फोनमध्ये झाली. ज्यांना अद्ययावत करण्याची सोयच नाही अशा स्वस्त स्पीकरांत आणि जुन्या गाड्यांच्या ध्वनियंत्रणांत ती दुरुस्ती कधीच पोचत नाही.

उत्तरपक्ष : हे नाकारता येत नाही.

६. माग काढणे

पूर्वपक्ष : ब्लूटूथ चालू असलेले उपकरण ठरावीक वेळाने ‘मी येथे आहे’ असे जाहीर करते. ती घोषणा टिपणारा कोणीही माणसाचा माग काढू शकतो. एप्रिल २०२१ मध्ये आलेला एअरटॅग हरवलेल्या किल्ल्या शोधण्यासाठी होता. तो बायकांच्या पर्समध्ये गुपचूप टाकून त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे प्रकार घडले.

उत्तरपक्ष : लो एनर्जी पद्धतीत उपकरणाला आपला पत्ता दर थोड्या वेळाने बदलता येतो, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याला सलग माग काढणे अवघड जाते. अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा ॲपल आणि अँड्रॉइड या दोन्ही फोनांवर देण्याची व्यवस्था मे २०२४ मध्ये सुरू झाली. मात्र पाळतीचा प्रश्न रेडिओने सुटत नाही; गोळा झालेली माहिती कोणाच्या हाती जाते, यावर तो ठरतो. करोनाच्या साथीत याची दोन रूपे दिसली. भारतात एप्रिल २०२० मध्ये आलेले ‘आरोग्य सेतू’ ॲप ब्लूटूथबरोबर माणसाचे ठिकाणही नोंदवत होते आणि ठरावीक परिस्थितीत ती माहिती सरकारी सर्व्हरवर जात होती. ॲपल आणि गुगलने त्याच वर्षी मे महिन्यात दिलेल्या व्यवस्थेत ठिकाण नोंदले जात नव्हते आणि संपर्काची जुळणी ज्याच्या-त्याच्या फोनमध्येच होत होती. रेडिओ दोन्हींकडे एकच.

पूर्वपक्ष : शिवाय तो रेडिओ अंतर मोजण्यात कच्चा होता. संदेश क्षीण आला म्हणजे माणूस लांब आहे, की फोन खिशात आहे, हे त्याला कळत नव्हते.

उत्तरपक्ष : संदेशाच्या तीव्रतेवरून काढलेले अंतर अंदाजाचेच असते. २०२४ च्या ६.० आवृत्तीत अनेक वाहिन्यांवरील लहरींच्या कलेतला (फेजमधला) फरक मोजून अंतर काढण्याची नवी रीत आली. जवळ गेल्यावर उघडणाऱ्या गाडीच्या कुलपासारख्या कामांना तिचा उपयोग आहे.

७. आरोग्य

पूर्वपक्ष : दिवसभर कानाशी रेडिओ लावून बसणे निर्धोक आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले होते.

उत्तरपक्ष : त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो, आणि तो निष्कर्ष प्रामुख्याने कानाला फोन लावून बोलण्याच्या अभ्यासांवर आधारलेला होता. इअरफोनचा रेडिओ काही मिलिवॅटचा. दूरच्या टॉवरशी बोलणारा फोन त्याच्या कितीतरी पट शक्ती वापरू शकतो. फोन टेबलावर ठेवून इअरफोनवर बोलल्यास डोक्याला मिळणारी मात्रा घटते. खरा धोका मोठ्या आवाजाचा. प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ती तारेच्या इअरफोनलाही तशीच लागू आहे.

निर्णय

दोन्ही पक्ष ऐकल्यावर आक्षेपांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग निसर्गाच्या मर्यादांचा : शरीर लहर शोषते, अंतर वाढले की शक्ती त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. फोन पुढच्या खिशात ठेवणे एवढाच उपाय. दुसरा वर्ग सौद्याच्या किमतीचा : तार गेली आणि थोडी वीज पुरेशी झाली, त्याबदल्यात आवाजाचा काही दर्जा आणि काही मिलिसेकंद द्यावे लागले. ही किंमत कामागणिक परवडते किंवा परवडत नाही. साखरेचा सेन्सर, घड्याळ, माऊस आणि प्रवासातले संगीत यांना ती परवडते. ध्वनिमुद्रण, वाद्यवादन आणि वेगवान खेळ यांना परवडत नाही, तिथे तार ठेवावी.

तिसरा वर्ग हलगर्जीपणाचा आहे : ठरलेले सांकेतिक अंक, आखूड किल्ल्या, कधीच अद्ययावत न होणारी उपकरणे, गोंदाने बंद केलेल्या बॅटऱ्या, गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करणारी ॲप. यांतली एकही गोष्ट बिनतारी असण्याचा अटळ परिणाम नाही. या वर्गातल्या दोषांना पहिल्या दोन वर्गांची सबब देणे उत्पादकांना सोयीचे जाते. ग्राहकाने ती स्वीकारू नये. उपकरण घेताना त्याला सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळणार आणि बॅटरी बदलता येते का, हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळाल्यावरच पैसे द्यावेत.